भिंतीतला म्हातारा

जर्मनीत तुम्ही काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, जुनी चर्चं दुरुस्त करत होतो. ऐकणारा जरा सावरून बसतो. वसईचा माणूस, आडनाव तुस्कानो, त्यात चर्चचं काम. म्हणजे हा नक्की ब्रदर असणार आणि मध्येच झगा उतरवून संसाराला लागला असणार, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटतं. बायको वैतागते. म्हणते, "अहो, सरळ इंजिनियर होतो म्हणून सांगा की." पण तेही पुरतं खरं नाही. इंजिनियर नवं बांधतो. आम्ही जुनं पडू द्यायचो नाही, एवढंच.

पुण्याला स्थापत्याची पदवी घेऊन मी एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ब्राउनश्वाइगला पुढच्या शिक्षणासाठी गेलो. पूल बांधायला शिकायचं होतं. सुट्टीत हाताला काम म्हणून एका लहानशा ऑफिसात गेलो, तर तिथेच सहा-सात वर्षं राहिलो. ऑफिस होतं फ्राऊ डॉक्टर ल्यूर्स यांचं; तिकडे बाईला फ्राऊ म्हणतात, पुरुषाला हेर. पन्नाशीच्या, उंच, पुरुषी बूट घालणाऱ्या बाई. युद्धात बाँबने मोडलेली चर्चं उभी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. मी गेलो तेव्हा मोठी कामं संपत आली होती आणि खेड्यांतली, स्वतःच्या वयाने वाकलेली चर्चं उरली होती.

पहिल्याच दिवशी साइटवर मी उत्साहाने टेप काढला. बाई म्हणाल्या, "आल्झो, हेर तुस्कानो, आधी दोन्ही हात खिशात घाला." तास-दीड तास आम्ही नुसत्या भिंतीभोवती फिरलो. भिंत कुठे फुगली आहे, शेवाळ कुठे जास्त आहे, चिमण्या कुठल्या भेगेतून आत जातात, हे पाहायचं. मग ओळंबा सोडायचा, आडवी दोरी ताणायची आणि एकेक दगड कागदावर उतरवायचा. फोटो का पुरत नाही, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, फोटोला दगड दिसतो, कुठला दगड कुणाच्या अंगावर भार टाकून बसलाय ते दिसत नाही. ते हाताने काढतानाच कळतं. ऑक्टोबरनंतर बोटं अशी गारठायची की पेन्सिल धरली आहे की सुटली, हे पाहूनच समजायचं.

मला सांगायची आहे ती गोष्ट एल्बे नदीच्या अलीकडच्या काठावरच्या एका खेड्याची. गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं अजून आहेत. या भागाला वेंडलांड म्हणतात, म्हणजे वेंडांचा मुलूख. वेंड म्हणजे स्लाव लोक. त्यांचे देव वेगळे होते, देवराया वेगळ्या होत्या, भाषा वेगळी होती. आठशे वर्षांपूर्वी सॅक्सन सरदारांनी हा मुलूख तलवारीने घेतला आणि सरदारांच्या मागोमाग बिशप आले. जिंकलेल्या प्रदेशात बिशपांनी आधी काय केलं असेल, तर सीमा आखल्या, पिकातला वाटा ठरवला आणि दगडाची चर्चं उभी केली. पाद्री सॅक्सन बोलीत उपदेश करायचा आणि समोरच्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. चर्चच्या भिंती हातभर नाही, पुरुषभर जाड, खिडक्या चिंचोळ्या आणि वर. प्रार्थनेला जागा पाहिजे होती, तशी बंड झालं तर लपायलाही.

त्या भागातली गावं गोल आहेत. मधे मोकळं मैदान आणि भोवती घरं, सगळ्यांची तोंडं आत. चर्च मात्र गोलाच्या बाहेर, शेताच्या कडेला, ओसरीवर थांबलेल्या पाहुण्यासारखं. कारण गाव आधी होतं, चर्च मागून आलं. मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला घर आठवलं. आमच्याकडे हेच जहाजातून आलं. पोर्तुगिजांनी किल्ला घेतला, आमच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला. पुढे मराठ्यांनी किल्ला घेतला आणि आमच्या चर्चच्या घंटा देवळांत वाजू लागल्या. तरी आमच्या लग्नांत विहिरीचं पाणी वाजतगाजत आणायचं काही सुटलं नाही.

गावातले पाद्री हेर विट्टं माझ्याच वयाचे, शहरात वाढलेले, ल्युथरन पंथाचे. त्यांनी पहिल्या दिवशी कॉफी ओतता ओतता मला विचारलं, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात. त्यांना वाटलं, मी ब्राउनश्वाइगला येऊन झालो असेन. मी म्हटलं, चारशे वर्षं झाली. ते ओशाळले आणि कॉफी बशीत सांडली. खोलीत बसलेला एक थोराड म्हातारा तेवढ्यावर हसला. हे हेर बेनेके, गावातले सर्वांत मोठे शेतकरी आणि चर्च कमिटीचे अध्यक्ष. ते त्या दिवशी हसले तेवढेच. पुढे दोन महिने मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

काम असं होतं. चर्चची उत्तरेची भिंत पोटातून फुगली होती. शेतातले गोल धोंडे रचून अशी भिंत करतात: बाहेर एक थर, आत एक थर आणि मधे चुना-खडीचा भराव. भरावात पाणी शिरलं की थंडीत त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि भिंतीला पोट सुटतं. उपाय एकच, तेवढा भाग नंबर घालून उतरवायचा आणि पुन्हा जसाच्या तसा रचायचा. आणि त्याच फुगवट्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तो होता.

गाव त्याला 'डेर आल्टं' म्हणायचं, म्हणजे म्हातारा. एका लांबट दगडावर कोरलेला दाढीवाला पुरुष, हातात मोठं शिंग, अंगात झग्यासारखं काहीतरी. पण दगड उभा नव्हता, आडवा होता. म्हातारा भिंतीत कुशीवर झोपल्यासारखा दिसायचा. बाहेरगावचे जाणकार सांगायचे, हा वेंडांचा देव किंवा पुजारी. जिंकणाऱ्यांनी चर्च बांधताना मुद्दाम आडवा घातला, पाडल्याची खूण म्हणून. गावातल्या बाया मात्र जाता-येता त्याच्या शिंगाला हात लावायच्या. शिंग झिजून गुळगुळीत झालं होतं.

मी ज्यांच्याकडे राहत होतो त्या फ्राऊ शोल्त्स रोज त्याच्यासमोर बरणीत फुलं ठेवायच्या. फुलं नसतील तेव्हा डहाळी. या बाई गावच्या नव्हत्या. त्या सिलेशियाच्या. युद्धानंतर तो प्रांत पोलंडकडे गेला आणि तिथल्या जर्मनांना घरं सोडून निघावं लागलं. फ्राऊ शोल्त्स दोन पोरं आणि एक हातगाडी घेऊन या गावात आल्या होत्या. नवरा युद्धातून परतलाच नाही. त्यांच्यासारखी वीसेक कुटुंबं गावात होती आणि बहुतेक कॅथलिक. त्यांची मिस्सा, म्हणजे उपासना, रविवारी दुपारी त्याच ल्युथरन चर्चमध्ये व्हायची. मी कॅथलिक म्हटल्यावर बाईंनी मला आपलाच मानला. रविवारी खसखशीचा केक करायच्या आणि मी दुसऱ्यांदा नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटायचं.

काम सुरू व्हायच्या आधीच भांडण सुरू झालं. भिंत उतरली की म्हातारा मोकळा होणार; मग त्याचं करायचं काय? शहरातल्या संग्रहालयाचे एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. त्यांना तो काचेमागे हवा होता. पाद्री विट्टं यांना तो चर्चच्या दारात उभा करायचा होता. त्यांचं म्हणणं, आपल्या धर्माने इथे तलवार घेऊन पाऊल ठेवलं, त्याची ही कबुली होईल. ते मनापासून बोलायचे. हेर बेनेके म्हणायचे, घेऊन जा त्याला, संग्रहालयात घाला, नदीत घाला, माझ्या भिंतीत नको.

त्यांचा राग मला फ्राऊ डॉक्टरांनी उलगडून सांगितला. हिटलरच्या काळात गणवेशातली पोरं मशाली घेऊन या दगडासमोर आली होती, आमचा प्राचीन देव म्हणून. दगड जर्मन नाही, स्लाव आहे हे कुणीतरी सांगितल्यावर ती परत फिरकली नाहीत. पण त्या पोरांत बेनेक्यांचा मोठा मुलगा होता. तो पुढे सैनिक म्हणून रशियात गेला आणि परत आलाच नाही. तेव्हापासून बेनेके चर्चच्या त्या अंगाने चालतसुद्धा नव्हते.

नोव्हेंबरात आम्ही भिंतीला हात घातला. छताच्या तुळया टेकूंवर घेतल्या, वरून खाली एकेक थर उतरवत आलो. म्हाताऱ्यापर्यंत पोचलो त्या सकाळी आदल्या दोन दिवसांचा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. साखळीची कप्पी लावून गवंड्यांनी दगड हळूच पुढे ओढला. तो सुटला, खाली फळ्यांवर टेकला आणि मागून आवाज आला, धान्याचं पोतं फाटल्यासारखा. भराव वाहायला लागला होता. ओला चुना, खडी, माती, सगळं त्या भोकातून बाहेर येत होतं आणि वरची तुळई टेकूवर करकरत होती. टेकू रुतत होते. पावसाने खालची जमीन लोणी झाली होती.

फ्राऊ डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, सगळे बाहेर या, आणि स्वतः आत गेल्या. तुळईच्या टोकाशी उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं, जाड लाकडं पाहिजेत, रुंद फळ्या पाहिजेत, आत्ता. मी धावत बाहेर आलो. रस्त्यात बेनेके ट्रॅक्टरवर होते. त्यांना मी काय सांगितलं, कुठल्या जर्मनमध्ये सांगितलं, देव जाणे. त्यांनी चर्चकडे एकदा पाहिलं आणि ट्रॅक्टर वळवला. थोड्याच वेळात ते आले ते आपल्या नव्या कोठारासाठी आणून ठेवलेले ओकचे वासे घेऊन. वासे उतरवायला माणसं पुरेनात, म्हणून मी फ्राऊ शोल्त्सना हाक मारली. त्या आल्या, त्यांची पोरं आली, मागून सिलेशियाची सगळी आळी आली. कुणी वासे धरले, कुणी दगड बाजूला वाहिले. बायकांनी ओली खडी घमेल्यांतून ओढली. मी त्या गावात दोन महिने होतो. शेतकरी आणि निर्वासित एका ओळीत उभे राहिलेले तेव्हा पहिल्यांदा पाहिले. दुपार टळली तेव्हा तुळई स्थिर झाली. फ्राऊ डॉक्टर बाहेर आल्या, केसांत चुना, आणि पायरीवर बसून त्यांनी कुणाकडून तरी सिगरेट मागून घेतली. त्या एरवी ओढत नसत.

मग थंडी आली आणि काम बंद पडलं. म्हाताऱ्याला ठेवायला कोरडी जागा एकच होती, बेनेक्यांचं कोठार. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, दार उघडून बाजूला झाले.

दोन दिवसांनी फ्राऊ शोल्त्स मला म्हणाल्या, तुम्ही बरोबर येता का. एवढ्या वर्षांत त्यांनी बेनेक्यांच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. हातात बरणी, बरणीत फरची डहाळी. बेनेके गाईंना चारा घालत होते. त्यांनी बरणीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कॅथलिक. या काफराची पूजा कशाला करता?"

"पूजा नाही करत, हेर बेनेके," त्या म्हणाल्या. "विचारपूस करते. मी इथे आले तेव्हा गावात मला ओळख देणारं कोणी नव्हतं. हा एकटा माझ्यासारखा दिसला, कुणीतरी आणून टाकलेला."

बेनेके पुन्हा गाईंकडे वळले. पण पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा दगडाखाली पेंढा घातलेला होता आणि बरणी ठेवायला एक स्टूल होतं.

त्या हिवाळ्यात मी आणि फ्राऊ डॉक्टर ऑफिसात भिंतीतल्या चुन्याचे नमुने घेऊन बसलो. चुना हा आमच्या धंद्यातला मोठा साक्षीदार. प्रत्येक गवंडी आपल्या काळातली वाळू, आपल्या काळातला कचरा त्यात मिसळतो. या भिंतीचा मूळ चुना पांढुरका होता, त्यात न विरघळलेले गोळे. म्हाताऱ्याभोवतीचा चुना पिवळसर निघाला आणि त्यात विटांचा चुरा होता. आता त्या मुलखात भिंत बांधली तेव्हा वीट नव्हतीच. ती पिढ्यान्‌पिढ्या उलटल्यावर आली. शिवाय म्हाताऱ्यामागचे जुने दगड छिन्नीने तासलेले होते, जागा करण्यासाठी. मी रेखाटनात ते खाणाखुणांसकट काढले होते, पण अर्थ लागला नव्हता. बाईंनी दोन्ही तुकडे खिडकीच्या उजेडात धरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

वसंतात कमिटीची बैठक शाळेच्या खोलीत भरली. संग्रहालयाचे गृहस्थही होते. फ्राऊ डॉक्टरांनी चुन्याचे तुकडे टेबलावर ठेवले आणि सोप्या भाषेत सगळं सांगितलं. बेनेके पुढे वाकून ऐकत होते.

"म्हणजे जिंकणाऱ्यांनी त्याला आडवा घातला नाही?" त्यांनी विचारलं.

"चर्च बांधताना तो भिंतीत नव्हता, एवढं मी सांगू शकते," बाई म्हणाल्या. "नंतर कुणीतरी भिंत फोडून त्याला आत घेतलं."

"कुणी?"

"तेव्हा इथे राहणाऱ्यांनी. तोवर चर्च त्यांचंच झालं होतं."

"कशासाठी? लपवायला? वाचवायला?"

"ते चुन्यात लिहिलेलं नसतं, हेर बेनेके."

पाद्री विट्टं यांनी तरी आपला मुद्दा मांडला. चांगला मांडला. म्हणाले, कुणीही ठेवला असो, आडवं पडून राहणं हे हरलेल्याचं पडून राहणं आहे. निदान आपण तरी त्याला उभं करू. दोघा-चौघांना ते पटलं. संग्रहालयाचे गृहस्थ म्हणाले, उघड्यावर दगड झिजतोय, आमच्याकडे तो सुरक्षित राहील. तेही खोटं नव्हतं. माझं मत कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आमच्या वसईतला एखादा दगड कुणी असा मोकळा केला असता, तर मी काय म्हणालो असतो, याचा विचार मी करत होतो.

फ्राऊ शोल्त्स कॉफी द्यायला आल्या होत्या. कमिटीशी त्यांचा संबंध नव्हता, पंथही वेगळा. बेनेके त्यांच्याकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "त्याची विचारपूस सगळ्यांत जास्त तुम्ही करता. तुम्ही सांगा."

बाईंनी किटली खाली ठेवली. त्या इतक्या हळू बोलल्या की मागच्यांना ऐकायला पुढे यावं लागलं. "मला एका दिवसात घरातून काढलं," त्या म्हणाल्या. "काढणाऱ्यांनाही कुणीतरी त्यांच्या घरातून काढलं होतं, हे मला मागाहून कळलं. आमच्या चर्चमध्ये आता दुसऱ्या भाषेत प्रार्थना होते. होऊ दे. पण हा इथे राहतोय. त्याला तुम्ही उभं करा, नाहीतर झोपवा. जिथे आहे तिथून काढू नका."

मग बेनेके म्हणाले, "झोपलाय, झोपू दे. म्हातारं माणूस आहे." आणि हात वर केला. बाकीचे हात एकेक करून वर गेले. शेवटचा हात पाद्री विट्टंचा होता. बाहेर पडताना ते मला म्हणाले, मी इथे पश्चात्ताप शिकवायला आलो होतो, आणि या लोकांना तो माझ्याआधीच येत होता. मला त्यांचं हे बोलणं आवडलं. पुढे आमची चांगली मैत्री झाली.

मेमध्ये आम्ही भिंत रचली. म्हाताऱ्याला पुन्हा त्याच उंचीवर, त्याच कुशीवर ठेवला. पाणसळ मी स्वतः लावली. फ्राऊ डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की त्याला अगदी सपाट करायचा नाही, पूर्वी डोक्याकडे थोडा चढ होता तेवढा ठेवायचा. दगडांमधल्या फटी भरायला चुना वापरला. दगड बसला तेव्हा बेनेके पाठीमागे हात बांधून तिथेच उभे होते, चर्चच्या त्याच अंगाला, जिथून ते वीस वर्षं गेले नव्हते. मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही. फक्त जाताना एकदा शिंगाला हात लावला, आजूबाजूला पाहून.

शेवटचं काम राहिलं होतं ते बाकांचं. दुरुस्तीच्या काळात चर्चमधले सगळे बाक काढून कोठारांत हलवले होते. हे बाक घराण्यांचे असत. पुढची जागा थोरल्या शेतकऱ्यांची, आणि प्रत्येक बाकाच्या टोकाला पितळेची पाटी, तीवर घराण्याचं नाव. सिलेशियाच्या माणसांची मिस्सा दुपारी असली, चर्च अगदी रिकामं असलं, तरी ती पाटीच्या बाकांवर बसत नसत. मागे भिंतीला लागून उभी राहत, नाहीतर वरच्या माळ्यावर जात. कुणी तसा नियम केला होता असं नाही. फ्राऊ शोल्त्सचे गुडघे दुखायचे, तरी त्या उभ्याच राहायच्या.

बाक परत आले तेव्हा धुतलेले, नवं रोगण दिलेले होते. रोगणासाठी पाट्या काढाव्या लागल्या होत्या, स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती. माझ्याकडे बाक मांडायचं काम होतं, म्हणून मी बेनेक्यांना विचारलं, कुठली पाटी कुठे बसवायची ते सांगा.

"पाट्या हरवल्या," ते म्हणाले.

"सगळ्या?"

"हो. सगळ्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे न पाहता बाकाचं टोक अंगठ्याने चाचपत होते, रोगण वाळलंय का म्हणून. बाहेर त्यांचा ट्रॅक्टर उभा होता. सकाळीच त्यांनी मला त्याच्या हत्यारांच्या पेटीतून पाना आणायला पाठवलं होतं, आणि त्या पेटीच्या तळाशी, तेलकट फडक्याखाली, पितळ चकाकताना मी पाहिलं होतं.

मी म्हटलं, हरवल्या तर हरवल्या, आणि बाक लावायला लागलो.